संसर्ग आणि विटाळ यांची गल्लत

सोवळं-ओवळं म्हणजे आपल्या पूर्वजांचं संसर्गशास्त्रच होतं, हा दावा कोविडच्या साथीपासून पुन्हा जोरात ऐकू येतो. बाहेरून आल्यावर हातपाय धुणं, हस्तांदोलनाऐवजी नमस्कार, सुतकात दहा दिवस कुणात न मिसळणं, बाळंतिणीच्या खोलीत उठसूट कुणाला न सोडणं अशी यादी दिली जाते, आणि जगाला जे २०२० मध्ये कळलं ते आपल्या आजीला आधीच ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढला जातो. समोरून उत्तर येतं ते बहुतेक वेळा टिंगलीचं. सगळी अंधश्रद्धा, सगळं बुरसटलेलं. एका बाजूला आजीचा अपमान झाल्यासारखं वाटतं, दुसऱ्या बाजूला आपण पुरोगामी असल्याचं समाधान मिळतं, आणि मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो. दरम्यान ‘संसर्ग’, ‘लागण’, ‘व्हायरस’ हे शब्द भलत्याच ठिकाणी रुळले आहेत. अमुक विद्यापीठाला तमुक विचारांची लागण झाली, तरुणांना अमक्या विचारसरणीच्या विषाणूनं ग्रासलं, तमक्या वस्तीतून ही कीड पसरते. असं डावे बोलतात, उजवेही बोलतात; विषाणूचं नाव तेवढं बदलतं. मला हे दोन वेगळे वाद वाटत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे.

माझी भूमिका अशी. संसर्ग हा तपासून बघता येईल असा दावा आहे. अमुक जंतू अमुक मार्गानं, अमुक काळापर्यंत एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि अमुक केलं की थांबतो, एवढं त्यात सांगावं लागतं. मार्ग, मुदत, उपाय. विटाळाला यातलं काहीच लागत नाही. विटाळ माणसाच्या जन्माला चिकटतो, त्याच्या सावलीलाही चिकटतो, आणि ‘का’ असं विचारणाऱ्यालाच उद्धट ठरवतो. आपल्या समाजाच्या अंगात विटाळाची कल्पना शतकानुशतकं मुरलेली आहे. जंतूंची कल्पना येऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली. त्यामुळे तोंडी शब्द नवा आला तरी मनात जुनाच अर्थ चालू राहतो. ज्या पसरण्याचा मार्ग सांगता येत नाही त्याला संसर्ग म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग ते पसरणं रोगाचं असो की विचाराचं.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. हात धुण्यानं जुलाबाचे आजार कमी होतात. नवजात बाळाला गर्दीपासून जपणं शहाणपणाचं आहे. चपला दाराबाहेर काढणंही चांगलं. आणि संसर्गाची भीती ही काही कुणी रचलेली कहाणी नव्हे. १८९७ मध्ये पुण्याजवळ प्लेग पेटला असताना सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच त्यांचा मृत्यू झाला. घरात डॉक्टर असलेल्या बाईला धोका कळत नव्हता असं कोण म्हणेल? ‘माणुसकी असली की रोग काही करत नाही’ असली गोड वाक्यं मला म्हणूनच सहन होत नाहीत. रोग लागतो. पण त्या दिवशी सावित्रीबाईंनी दोन भिंती ओलांडल्या होत्या. त्या मुलाचा ताप खरा होता. त्या मुलाचा विटाळ गावानं लावलेला होता. गावातल्या किती जणांनी त्याला तापाच्या भीतीनं टाळलं असेल आणि किती जणांनी विटाळाच्या? या दोन भीती वेगळ्या करता आल्या नाहीत तर सावित्रीबाईंनी काय केलं हेच आपल्याला समजलेलं नाही.

आता सोवळ्याला मार्ग, मुदत आणि उपाय हेच तीन प्रश्न विचारून बघू. रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी सोवळ्याला चालते; रेशीम आणि लोकर मुळातच शुद्ध मानलेली, म्हणून ती रोज धुवावीही लागत नाहीत. सुती धोतराला मात्र कुणाचा हात लागला की ते ओवळं. हा नियम जंतूंसाठी असता तर न धुतलेला मुकटा आधी बाद झाला असता. पाळीच्या चार दिवसांत बाईला बाजूला बसवण्यानं कुठला रोग थांबतो? पाळी हा रोग नाही, ती कुणाला लागत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी अभंगातून हाच प्रश्न विचारला होता. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा झाला तो कोण? सूक्ष्मदर्शक नव्हता, जंतू कुणाला माहीत नव्हते, तरी विटाळाला कारण सांगता येत नाही हे एका बाईला स्पष्ट दिसत होतं.

सगळ्यात मोठा पुरावा महाडचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचे ठरले. महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं असल्याचं ठरवलं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेली हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली तेव्हा गावात मारहाण झाली. त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवलं, मंत्र म्हटले आणि ते तळ्यात ओतलं. हे थोडं थांबून डोळ्यांसमोर आणावं. तोवर रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्याला पटकीचा जंतू ओळखून चार दशकं उलटली होती. तळ्याच्या पाण्यातून पटकी पसरते हे सरकारी दवाखान्यातला कंपाउंडरही सांगू शकला असता. म्हणजे तळ्याला खरा धोका असू शकत होता. मग पाणी तपासलं का? उकळून प्या असं कुणी सांगितलं का? उलट पिण्याच्या पाण्यात शेण ओतून ते ‘शुद्ध’ झाल्याचं जाहीर केलं. या तळ्यावर अन्यधर्मीय पाणी भरत होते, गुरंढोरं पीत होती. रोगाची भीती असती तर आधी गुरं हाकलली असती. पुढे दहा वर्षं कज्जा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. सोवळं म्हणजे संसर्गशास्त्र असं म्हणणाऱ्यानं या १०८ घागरींचा हिशोब आधी द्यावा.

यावर मुरलेला वादपटू म्हणेल, तो सगळा धर्ममार्तंडांचा भाग. आधुनिक शासन आणि आधुनिक वैद्यक आल्यावर संसर्ग हा शब्द आपोआप स्वच्छ झाला. तसं झालेलं नाही. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरमध्ये प्लेग ओळखला तो मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. लगोलग ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्यात प्लेगची साधी व्याख्या नाही. अधिकाऱ्यांना मात्र हवे ते उपाय करण्याची मोकळीक आहे. पुण्यात रँडच्या समितीनं गोरे सोल्जर घराघरांत घुसवले. देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर आणून जाळलं गेलं, जमिनी उकरल्या, बायकांची काख-जांघ उघड्यावर तपासली गेली, माणसं छावण्यांत नेली. सरकारला जंतू ठाऊक होता. मार्ग ठाऊक नव्हता. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं लागली. मार्ग ठाऊक नसताना सत्ता हाती येईल ते झोडपते, आणि हाती आली ती माणसं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्यामागे हा सगळा चिडलेला उन्हाळा होता.

पूर्वजांच्या शहाणपणाचा अभिमान ज्यांना हवा आहे त्यांना तो याच प्लेगमध्ये सापडेल, फक्त सोवळ्यात सापडणार नाही. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी बघून बघून ठरवलं होतं. सिमाँचं नाव त्यांच्या कानावर नव्हतं. पण उंदीर मेला की पाठोपाठ माणूस जातो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि उपायही त्या पाहण्यातून निघाला होता. तो अचूक निघाला, कारण त्यात कुणाच्या जातीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता उंदराचा. आपल्याकडे निरीक्षणाची परंपरा नव्हती असं म्हणणाऱ्यांनाही हे उत्तर पुरेसं आहे. त्याच गावांत पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे ढकलायचीही रीत होती. मग पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. रोग आपल्या शिवेबाहेर गेला की संपला, दुसऱ्याच्या शिवेत काय झालं ते त्याचं तो बघेल. एकाच गावात दोन्ही समजुती नांदत होत्या, आणि आजही नांदतात.

कुष्ठरोगाइतकी या गल्लतीची किंमत दुसऱ्या कुठल्याही आजाराच्या रुग्णांनी मोजली नसेल. आपण त्याला महारोग म्हणायचो, रक्तपिती म्हणायचो. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत त्याचा जंतू शोधला, आणि विचित्र गोष्ट अशी की त्यामुळे रुग्णाचं आयुष्य सोपं होण्याऐवजी कठीण झालं. देवाचा कोप म्हणून ज्याला हाकलायचे त्याला आता ‘संसर्गजन्य’ म्हणून हाकलायला कायद्याचा आधार मिळाला. १८९८ चा लेपर्स ॲक्ट भटक्या, निराधार कुष्ठरुग्णाला पकडून डांबण्याची मुभा देत होता. वस्तुस्थिती काय आहे? कुष्ठरोग हा सगळ्यात सावकाश आणि सगळ्यात कमी पसरणाऱ्या रोगांपैकी एक आहे. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासातच तो लागू शकतो, आणि १९८० च्या दशकात आलेले बहुविध औषधोपचार सुरू केले की रुग्णापासून इतरांना असलेला धोका लवकरच जवळपास संपतो. मार्ग माहीत आहे, मुदत माहीत आहे, उपाय सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. तरीही कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ पर्यंत होती. बरा झालेला रुग्ण, ज्याच्या अंगात एकही जिवंत जंतू नाही, तो झडलेल्या बोटांमुळे आजही बसमध्ये एकटा बसतो. त्याच्या शेजारची रिकामी जागा कुठल्या वैद्यकानं सांगितली?

बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं, सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत, मालिश करत. या गोष्टी आपण करुणेच्या गोष्टी म्हणून सांगतो. त्या करुणेच्या आहेतच. पण त्यात तपासलेलं ज्ञानही होतं. हात लावल्यानं एवढ्यात काही होत नाही हे बघून, समजून लावलेला हात होता तो. करुणा सगळ्यांना झेपत नाही असं म्हणून सुटका करून घेता येते. ज्ञान मात्र कुणालाही झेपतं, त्यामुळे तिथे सबब चालत नाही.

कोविडकडे येतो. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून परतलेले. सुरुवातीच्या आठवड्यांत विषाणू विमानानं आला, पासपोर्ट असलेल्यांच्या सोबत आला. आणि सोसायट्यांचं फाटक पहिल्यांदा कुणासाठी बंद झालं? घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी. पुढे फाटक उघडलं तेव्हा लिफ्टच्या दारावर चिठ्ठी लागली होती: कामगार, डिलिव्हरीवाले व घरकाम करणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये. मार्गाचा प्रश्न इथे विचारायला हवा होता. सर्दी-खोकला झालेल्या घरची उष्टी भांडी मावशी घासतात, त्यांचे रुमाल आणि चादरी मावशी धुतात, बंद खोलीतली फरशी मावशी पुसतात. धोक्याचा प्रवाह घरमालकांकडून मावशींकडे अधिक होता. चिठ्ठी मात्र उलट्या दिशेनं लागली. साथ ओसरली, मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या वाळल्या. कित्येक इमारतींत ती लिफ्टची चिठ्ठी अजून आहे. मुदत संपलेला उपाय तसाच चालू राहिला, याचा अर्थ तो त्या रोगासाठी नव्हताच.

त्या घरांमध्ये एक कप असतो. ओट्याच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, कडेला टवका उडालेला, कधी स्टीलचा पेला. मावशींच्या चहाचा. तो इतर कपांसोबत विसळला जात नाही, मांडणीत जात नाही. तो कप कोविडच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. मावशींनी घासलेल्या ताटात घर जेवतं, मावशींनी लाटलेली पोळी घर खातं, फक्त त्या ज्या कपाला ओठ लावतात तो वेगळा. जंतूंचा विचार करणारा माणूस असं करेल का? २०२० नं या कपाला ‘स्वच्छता’ नावाचं नवं समर्थन दिलं एवढंच. त्या वर्षी आपण ‘सोशल डिस्टन्सिंग’चं ‘सामाजिक अंतर’ केलं आणि ते वर्तमानपत्रांतून, भिंतींवरून, फोनच्या कॉलर ट्यूनमधून देशभर गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली होती. ज्या भाषेत सामाजिक अंतराला महाडसारखा इतिहास आहे तिथे तरी हा शब्द निवडताना कुणाचा हात थांबायला हवा होता.

त्याच वर्षी दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यावरून एका अख्ख्या समाजाला ‘सुपर स्प्रेडर’ ठरवलं गेलं. भाजीवाल्यांची नावं विचारून भाजी घेणं सुरू झालं. मेळावा भरवणं निष्काळजीपणाचं होतं का, हा रास्त प्रश्न होता, आणि त्यातून संसर्ग पसरलाही. पण मेळाव्याला कधीही न गेलेल्या, नगरच्या किंवा नाशिकच्या भाजीवाल्यापर्यंत तो विषाणू कुठल्या मार्गानं पोचला होता? नावाच्या मार्गानं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं विदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या संकटात बळीचा बकरा शोधला जातो, असं स्पष्ट नोंदवलं. तोवर भाजीवाल्याचा धंदा बसला होता.

आता विचारांची ‘लागण’. इथे समोरच्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा की संसर्ग हा शब्द रोगाचा नव्हताच. वामनपंडितांच्या श्लोकात पाण्याचा थेंब तापल्या लोखंडावर नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो आणि शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. उत्तम, मध्यम, अधम दशा संसर्गानं ठरते. संतांनी चंदनासोबतच्या बोरी-बाभळी सुगंधी केल्या. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे तर शेतकऱ्याच्या तोंडचं. मग विचार लागतात म्हटलं तर बिघडलं कुठे? मुद्दा खरा आहे, आणि मी तो मनापासून मानतो. माणूस माणसाला घडवतो. पण या जुन्या वापराकडे नीट बघा. तिथे लागण होते ती शेजारी राहून, दिवसेंदिवस, आणि चांगल्याचीही होते. पवळ्याला गुण लागला म्हणून ढवळ्याला कुणी गोठ्याबाहेर काढत नाही. आज विचारांची लागण म्हणताना आपण चांगल्या विचाराची म्हणतो का? आपल्याला पटलेल्या विचाराचा ‘प्रसार’ होतो, ‘प्रबोधन’ होतं, ‘जागृती’ होते. नावडत्याची लागण होते. शब्द वरून एक दिसला तरी काम वेगळं करतो. रोगाला उत्तर द्यायचं नसतं, त्याला कोंडायचं असतं. एखाद्या विचाराला विषाणू म्हटलं की त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची आणि खोडून काढण्याची मेहनत वाचते. तो मांडणाऱ्याला वेगळं काढलं की काम झालं. आणि ज्यांना तो पटला त्यांना बुद्धीच नव्हती, ते नुसते सापडले, असंही त्यात गृहीत धरलेलं असतं.

पुन्हा १८९७ मध्ये जाऊ, कारण प्लेगच्या त्याच वर्षात सरकारनं ही दुसरी भूमिकाही घेतली होती. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. रँडच्या खुनात त्यांचा हात असल्याचा आरोप नव्हता. मजकुरानं वाचणाऱ्यांच्या मनात अप्रीती पेरली असं म्हणणं होतं. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती, इथपर्यंत तो अर्थ ताणला. सहा युरोपीय ज्युरींनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचं कलम आणखी रुंद केलं. सरकारच्या लेखी ‘केसरी’चा वाचक हा विचार करणारा माणूस नव्हता. त्याच्या दारात सोल्जर येऊन गेला होता, त्याचं सामान जळलं होतं, हे त्याच्या संतापाचं कारण असू शकतं हे धरलंच नाही. त्याला लेखातून संताप ‘लागला’. आज एखाद्या गावानं मोर्चा काढला की त्यांना बाहेरच्यांनी भडकवलं म्हणणारे, मग ते सत्तेत कुणीही असोत, याच समजुतीवर उभे आहेत.

पण अफवांचं काय? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो सगळ्यात जड आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून ठेचून मारले गेले. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती, आणि त्यानंतर कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांपलीकडे पुढे पाठवण्यावर बंधन घातलं. हे रोगासारखं पसरणं नाही तर काय? तसंच आत्महत्यांचं. एका आत्महत्येची तपशीलवार, मोठ्या मथळ्याची बातमी दुसऱ्या खचलेल्या माणसाला तिकडे ढकलू शकते, म्हणूनच प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या: पद्धतीचं वर्णन नको, मथळा भडक नको. हे मी मान्य करतो, आणि माझ्याच कसोटीवर मान्य करतो. इथे मार्ग सांगितला आहे, उपाय सांगितला आहे. पाचांपुढे पाठवता येणार नाही, हा मार्ग अडवणं आहे. कुठल्या समाजाला फोन वापरू नका असं सांगितलेलं नाही.

राईनपाड्याबद्दल ‘अफवेची लागण झाली’ असं म्हणून थांबता मात्र येणार नाही. तोच संदेश शेकडो गावांत गेला. सगळीकडे माणसं मारली गेली नाहीत. इथे तो चिकटला कुणाला? पालं टाकून फिरणाऱ्यांना, ज्यांच्याकडे गाव पिढ्यान्‌पिढ्या संशयानं बघत आलं, ज्यांच्यातल्या कित्येक जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवून टाकलं. गळ्यात कॅमेरा अडकवून आलेल्या शहरी पाहुण्यानं गावातल्या एखाद्या मुलीशी बोलायचा प्रयत्न केला असता तर गावानं त्याला त्याच खोलीत कोंडलं असतं का? संदेश नवा होता, विटाळ जुना होता. लागण हा शब्द वापरला की मारणाऱ्यांचे हात सुटतात आणि जुना संशयही सुटतो. उरतो फक्त फोन.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. ‘जीबीएसची लागण’ असे मथळे आले, आणि रुग्णाच्या घरी जायचं की नाही, त्यांच्या मुलांना शाळेत बसवायचं की नाही, याची चर्चा सुरू झाली. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पोटाचा किंवा श्वसनाचा एखादा जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर काही जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. पसरत होता तो आधीचा जंतू. संशय पाण्यावर होता, आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. म्हणजे अतिदक्षता विभागात निपचित पडलेल्या रुग्णाकडे बोट दाखवण्याचं कारणच नव्हतं. विचारायचं होतं ते विहिरीबद्दल, टँकरबद्दल, त्यात क्लोरीन किती पडतं याबद्दल. शहरात नुकत्याच घेतलेल्या गावांना शुद्ध केलेलं पाणी कधी मिळणार, हा प्रश्न तिथल्या रहिवाशांनी विचारला, आणि तोच बरोबर होता. त्यांच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती उरतं याचा आकडा भागवार, रोजच्या रोज जाहीर करा, आणि मथळ्यात लागण छापण्याआधी तो आकडा छापा, एवढं मागायला पुणेकरांना पुढच्या साथीची वाट बघायची गरज नाही.